हात वर करायची परवानगी असावी

रा. रा. वायरलेस व्हीआरचे जाहिरातकर्ते महोदय यांस,


पत्रास कारण की, आपले उपकार बरेच साठले आहेत आणि त्यांची जाहीर पोच द्यायची राहून गेली आहे. आपलं नाव मला ठाऊक नाही, कारण डब्यावर ते नसतं. डब्यावर असतो एक हसरा तरुण. डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जगाचा, हेडसेट, दोन्ही हात हवेत, भोवती निळ्या रेघा आणि वायरीचा कुठे मागमूस नाही. हे चित्र ज्यांच्या ज्यांच्या सहीने छापून आलं, त्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. कंपन्या बदलतात, चित्र तेच राहतं, त्यामुळे वेगवेगळी पत्रं लिहिण्याचं कारण उरलेलं नाही.

सर्वप्रथम वायरीतून सोडवल्याबद्दल आभार. 2016 साली व्हाइव्ह आणि रिफ्ट हे हेडसेट आले, तेव्हा डोक्यामागून जाडजूड वायर निघून संगणकाला जोडलेली असायची. दोनदा गिरकी घेतली की ती पायात यायची. लोकांनी छताला हूक ठोकले, कप्प्या लावल्या, वायर वरून सोडली. आभासी डोंगरावर चढणारा माणूस खऱ्या वायरीत अडकून खऱ्या फरशीवर पडायचा. आपलं मन हळवं. आपल्याला हे पाहवलं नाही.

मात्र ती वायर काय वाहून नेत होती, हे सांगायला आपल्याला सवड झाली नसावी. दोन्ही डोळ्यांचं मिळून 2160 गुणिले 1200 ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला 90 वेळा, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 24 बिट. गुणाकार करा, सेकंदाला साधारण 5.6 गिगाबिट होतात. घरात 100 मेगाबिटची जोडणी असेल, तर तिच्या 56 पट. हे सगळं हवेतून न्यायचं आणि तेही 11 मिलिसेकंदांत एक फ्रेम या वेगाने, कारण 90 वेळा म्हणजे तेवढाच वेळ मिळतो. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत 20 मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले, तर डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतो आणि पोट ढवळायला लागतं. वायरीने हे काम बिनबोभाट केलं. तिची जाहिरात कोणी केली नाही.

आपण तिच्या जागी साठ गिगाहर्ट्झची लहर आणलीत. निवड उत्तम होती, हे मी मनापासून म्हणतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यावर उभ्या जगाच्या वायफायने इतकी वर्षं निभावलं, तो सगळा मिळून 83.5 मेगाहर्ट्झचा आहे. साठच्या आसपास एकेक चॅनेल 2160 मेगाहर्ट्झ रुंद. 2012 साली या पट्ट्यासाठी वायगिग नावाचं प्रमाण ठरलं आणि सेकंदाला जवळपास सात गिगाबिट हवेतून पाठवता येतील, असा हिशेब कागदावर आला. जागा भरपूर, गर्दी जवळजवळ नाही. पाच मिलिमीटरच्या लहरीसाठी अँटेनाही इवलासा पुरतो, डझनावारी अँटेना एका चिपवर मावतात.

आणि ही लहर आपल्याला परकी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यात अशाच लहरींनी लांबवरची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यांच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत होती आणि पाच मिलिमीटर म्हणजे बरोबर आपली साठ गिगाहर्ट्झ. 1897 च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ती उपकरणं मांडली. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा फोन खाली ठेवतात. ज्या लहरीचा असा पूर्वज आहे, तिला आपण खोट्या साक्षीला उभं केलंत याचा राग मला जास्त आहे. पण आभाराच्या पत्रात रागाचं नाव काढू नये, म्हणून पुढे जातो.

आता मुख्य उपकार. ही लहर शरीरातून जात नाही, हे आपण आम्हाला शोधून काढू दिलंत! शिक्षकाला याहून मोठी भेट कोणती? कातडीत ती एक मिलिमीटरही शिरत नाही. विटेच्या भिंतीपलीकडे जाण्याचा तर प्रश्नच नाही. पाच-सहा सेंटिमीटरची वायफायची लहर हाताला वळसा घालून थोडीफार पलीकडे पोहोचते. पाच मिलिमीटरच्या लहरीसमोर पंजा आला की त्याची सावली पडते. ट्रान्समीटर आणि हेडसेट एकमेकांना दिसत राहिले तर सारं ठीक. मध्ये हात आला, मान वळली, दुसरा माणूस आडवा गेला की झोत तुटला.

हे गुपित होतं म्हणावं, तर तेही नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ओमिद अबारी, दिनेश भराडिया, ऑस्टिन डफिल्ड आणि दीना कताबी यांनी नेमकं हेच मोजलं. भराडिया मूळचे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आयआयटी कानपूरला शिकलेले. त्यांच्या मोजणीत नुसता हात आडवा आला तरी सिग्नल 14 डेसिबलहून जास्त घसरला. 14 डेसिबल म्हणजे ताकद पंचविसाव्या हिश्शावर. व्हीआरला लागणारा वेग त्यात टिकत नाही. त्यावर त्यांनी उपायही सुचवला. भिंतीवर एक छोटा इलेक्ट्रॉनिक आरसा लावायचा. समोरचा मार्ग बंद झाला की तो झोत उचलतो आणि हेडसेटच्या दिशेने वळवून देतो. त्या आरशाचं नाव मूव्हीआर. 2017 मध्ये त्यावरचा सविस्तर निबंधही प्रसिद्ध झाला.

म्हणजे रोग मोजलेला होता, औषधाची दिशा दाखवलेली होती आणि दोन्ही कुणालाही वाचता येतील असे छापलेले होते. आपण त्यातली फक्त निळी रेघ उचललीत. आरसा कुठल्याच डब्यात माझ्या पाहण्यात आला नाही. डब्यावरच्या त्या तरुणाचे दोन्ही हात मात्र आजही हवेत आहेत, अगदी हेडसेटच्या समोर. धैर्य म्हणावं ते हेच!

कुणावर अन्याय नको, म्हणून एक नोंद करतो. 2018 च्या सप्टेंबरात एचटीसीने व्हाइव्हसाठी इंटेलच्या वायगिगवर चालणारं जोडउपकरण 299 डॉलरला आणलं. त्याला संगणकात वेगळं कार्ड बसवावं लागे, खिशात बॅटरी ठेवावी लागे आणि ती अडीच तासांच्या आसपास चाले. ट्रान्समीटरला 150 अंशांचा टापू दिसतो, हेही त्यांनी सांगितलं होतं. आकडे दिले, हे सौजन्य. ज्यांनी आकडे वाचले त्यांनी ट्रान्समीटर उंचावर लावला, समोरची जागा रिकामी ठेवली आणि त्यांना चांगला अनुभव आला. त्या लहरीला काम येतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. माझं भांडण लहरीशी नाही, अभियंत्यांशी तर मुळीच नाही.

माझं भांडण आपल्याशी आहे, महोदय, आणि ते एका मुलीमुळे आहे.

आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांच्या देखभालीचा सराव व्हीआरमध्ये करून घ्यायचा, असं ठरलं. बॉयलरच्या खोलीत विद्यार्थी उभा आहे, डोक्याच्या वर व्हॉल्व्ह आहे, हात उंचावून तो फिरवायचा आहे. खऱ्या बॉयलरजवळ नवख्या मुलांना उभं करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पुरवठादाराने बिनवायरीचा संच बसवून दिला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तिच्याऐवजी दुसरी असती तरी डबा असाच असता. मुलीने हेडसेट घातला, वर पाहिलं, उजवा हात उंचावला. व्हॉल्व्ह थिजला. तिने हात खाली घेतला, व्हॉल्व्ह हलला. पुन्हा हात वर, पुन्हा चित्र गोठलं, मग एकदम तीन फ्रेम पुढे उडालं. तिने तोल सावरायला मागे पाऊल टाकलं. थोड्या वेळाने हेडसेट काढून ती खिडकीशी जाऊन बसली. चेहरा पांढराफटक. पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, मला हे जमणार नाही बहुतेक. माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं काहीही चुकत नव्हतं. व्हॉल्व्ह वर होता म्हणून तिने हात वर केला. तिच्या हेडसेटच्या आणि ट्रान्समीटरच्या मध्ये भौतिकशास्त्र उभं होतं आणि ते तिथे असणार हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. मदत केंद्राला फोन केला, तर पलीकडच्या सद्गृहस्थांनी फार आस्थेने विचारलं, "तुमचं वायफाय तपासलंत का?" त्या संचात चित्रासाठी वायफाय वापरलेलंच नव्हतं. पुढचा प्रश्न आला, "वापरणाऱ्यांना आधीपासून मोशन सिकनेस आहे का?" आपल्या प्रशिक्षणाचं कौतुक वाटलं. माणसाला स्वतःच्या पोटाबद्दल, डोळ्यांबद्दल, घराबद्दल शंका घ्यायला लावायची आणि डब्याबद्दल लावायची नाही, हे इतक्या मवाळ आवाजात करता येतं!

किती मुलांनी असा हेडसेट काढून ठेवला असेल आणि यंत्रांशी आपलं जमत नाही असं मनाशी ठरवलं असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का? विचारतो एवढ्यासाठी की आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरात संगणक नसतो. त्यांचा यंत्रावरचा पहिला विश्वास फार नाजूक असतो. तो आपण कुठलाही आवाज न करता तोडलात.

पुढचे आभार 5जीसाठी. इथे आपण दुसऱ्या नावाने काम पाहता, तरी हस्ताक्षर ओळखू येतं. 2022 च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारतात 5जीच्या लहरींचा लिलाव झाला, त्यात 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. लगोलग पडद्यावर शेताच्या बांधावर बसून हेडसेट लावलेली मुलं दिसू लागली. ही 26 गिगाहर्ट्झ म्हणजे साठच्याच घराण्यातली. तिलाही भिंत, झाड आणि पंजा चालत नाहीत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक आयफोनमध्ये 2020 पासून मिलिमीटर लहरींसाठी वेगळा अँटेना असतो, कडेला एक लांबट चकती दिसते. तोच फोन इथल्या दुकानातून घ्या आणि कड चाचपून पाहा, चकती सापडणार नाही. बांधावरच्या मुलाच्या फोनमध्ये ती कुठून आली, हे आपणच सांगावं.

शिवाय चित्र दूरच्या सर्व्हरवर तयार करून हेडसेटपर्यंत आणायचं म्हटलं, तर अंतर आडवं येतं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याच्या कडेने फायबर टाकली आहे असं धरा. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूरच्या मुलाने मान वळवली, ती खबर मुंबईला गेली आणि उत्तर परत आलं, एवढ्यातच सात मिलिसेकंद गेले. वीसपैकी सात नुसत्या प्रवासात. चित्र रंगवायचं, दाबून छोटं करायचं, उलगडायचं, हवेतून पाठवायचं आणि पडद्यावर लावायचं, ते सारं उरलेल्या तेरात. लहर कितीही वेगवान असली तरी मुंबई जवळ येत नाही. सर्व्हर नागपुरात ठेवावा लागतो. आपल्या जाहिरातीत सर्व्हर कुठे आहे?

आणखी एक उपकार लिहून ठेवतो. साठ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने 1995 मध्येच विनापरवाना खुला केला आणि 2016 मध्ये तो 71 गिगाहर्ट्झपर्यंत वाढवला. आपल्याकडे तो खुला असावा की लिलावात जावा, यावर दूरसंचार कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या यांची दहा वर्षांहून जास्त काळ ओढाताण चालली. ज्या देशात ही लहर पहिल्यांदा घंटेपर्यंत पोहोचली, तिथे एखाद्या कॉलेजने तिच्यावर प्रयोग करायचा म्हटलं तर आधी नियमांची पुस्तकं उघडावी लागतात. आपल्या इतक्या ओळखी आहेत, इतके कार्यक्रम आपण पुरस्कृत करता. त्यातल्या एका व्यासपीठावरून हा प्रश्न विचारला असतात, तर त्या निळ्या रेघांचं थोडं ऋण फिटलं असतं.

आता आपण हळूच पाय काढता घेतला आहे, हेही आमच्या ध्यानात आलं आहे. 2019 मध्ये क्वेस्ट आला, त्याने संगणकच हेडसेटमध्ये बसवला. 2021 पासून तोच हेडसेट संगणकाचं चित्र पाच गिगाहर्ट्झच्या साध्या वायफायवर घेऊ लागला, चित्र जोरात दाबून, पण हात वर केला तरी न तुटणारं. 2025 च्या नोव्हेंबरात वॉल्व्ह या कंपनीने जाहीर केलेल्या हेडसेटसोबत सहा गिगाहर्ट्झचा वेगळा ट्रान्समीटर आहे. डोळा जिकडे पाहतो तेवढाच भाग सुबक पाठवायचा, बाकीचा कमी प्रतीचा, अशी त्याची युक्ती. भारतातही मे 2025 मध्ये सहा गिगाहर्ट्झचा खालचा भाग विनापरवाना करण्याचा मसुदा निघाला. चांगलं झालं. पण ज्यांनी साठचे संच घेतले, त्यांना 'आमचं गणित हाताला अडलं' असं एका ओळीचं पत्र आपण धाडलंत का? आमच्या कपाटातल्या संचाला नवं सॉफ्टवेअर येणंही बंद झालं आहे. त्याचं संगणकात बसवायचं कार्ड लॅपटॉपला बसतच नाही.

हे सगळं वाचून आपल्याला वाटेल, हा गृहस्थ वायरीचा पुरस्कर्ता दिसतो. नाही. मला बिनवायरीचं व्हीआर हवं आहे आणि ते साठ गिगाहर्ट्झवर आलं तर अधिक आनंद होईल, कारण न दाबलेलं, स्वच्छ चित्र नेण्याइतकी जागा आज त्याच पट्ट्यात आहे. भिंतीवर दोन-तीन ट्रान्समीटर, एक झाकला गेला की दुसऱ्याने क्षणात काम उचलणं, डोक्याची हालचाल आधीच ओळखून झोत वळवणं, या सगळ्यावर चांगली माणसं काम करत आहेत. त्यांना वेळ लागेल. तो वेळ त्यांना मिळायला हवा. आपण अर्धवट फळ तोडून विकता, लोकांची तोंडं आंबट होतात आणि मग खरं पिकलेलं आलं तरी कोणी हात लावत नाही. नुकसान त्यांचं होतं, आपलं नाही.

तेव्हा हात जोडून विनंती आहे (जोडलेले हात ट्रान्समीटरच्या आड येणार नाहीत, याची काळजी घेतली आहे). डब्याच्या मागच्या बाजूला चार गोष्टी छापाव्यात. ट्रान्समीटरसमोर किती मोकळी जागा लागते. हात किंवा माणूस मध्ये आला तर चित्राचं काय होतं. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत किती मिलिसेकंद लागतात, आणि तेही चित्र दाबण्या-उलगडण्याचा वेळ धरून. विक्री थांबवल्यावर सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल. निळ्या रेघांची शाई वाचवली, तर या चार ओळींना जागा सहज होईल. आणि मदत केंद्रातल्या त्या सद्गृहस्थांना सांगावं की पलीकडच्या माणसाच्या पोटाची चौकशी सर्वांत शेवटी करावी.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी जुना, वायरीचा हेडसेट दिला. तिने व्हॉल्व्ह नीट फिरवला, दाब बरोबर वाचला आणि पुढच्या मुलाला कसं उभं राहायचं तेही सांगितलं. आपल्यावाचून तिचं काही अडलं नाही, हे कळवताना आनंद होतो.

लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक

ता. क. : हे पत्र ज्यांच्या हाती पडेल, त्या वाचकांना एक सांगणं. शाळेसाठी, कॉलेजसाठी किंवा घरी असा संच घेणार असाल, तर दुकानातली खुर्चीत बसून दाखवलेली फीत पाहून पैसे देऊ नका. हेडसेट स्वतः घाला, ट्रान्समीटरकडे पाठ करा, दोन्ही हात डोक्यावर न्या, कुणाला तरी मधून चालायला सांगा आणि पाच मिनिटं तसेच वावरा. चित्र अडखळलं, तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. संच परत करा आणि बिलावर कारण लिहून घ्या.